सिम्युलेशन केंद्र: बातम्या, आभार आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्राचं वार्तापत्र हातात पडलं की पुढचे काही दिवस प्रश्न येत राहतात. काही बातम्यांवर, काही आभारांच्या यादीवर, आणि बरेचसे 'तुम्ही तिथे नक्की करता तरी काय' या वळणाचे. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे आकडे दिले आहेत.

१. सिम्युलेशन केंद्र म्हणजे काय? तिथे खरे पेशंट असतात का?

पेशंट तेवढे खरे नसतात. बाकी खाट, मॉनिटर, ऑक्सिजनची लाइन, इमर्जन्सी ट्रॉली, ग्लोव्हजचे खोके, भिंतीवरचा फोन हे सगळं वॉर्डात असतं तसंच असतं. खाटेवर पुतळा, ज्याला आम्ही मॅनिकिन म्हणतो, नाहीतर रुग्णाची भूमिका करणारं माणूस. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन आणि विद्यार्थी इथे असे प्रसंग हाताळतात जे प्रत्यक्षात क्वचित येतात, पण आले की विचार करायला सवड देत नाहीत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, औषधाची जबर रिअ‍ॅक्शन, भूल दिल्यावर श्वासनलिकेत ट्यूबच न जाणं, असे.

काचेपलीकडे कंट्रोल रूम असते. तिथला ऑपरेटर पुतळ्याची नाडी, रक्तदाब, श्वास बदलत राहतो आणि माइकवरून त्याच्या तोंडून बोलतोही. प्रसंग दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. त्यानंतरची चर्चा त्याहून लांबते. ती का, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. पुतळ्यावर डॉक्टरकी शिकायची हे अलीकडचं फॅड आहे ना?

अजिबात नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावावर, म्हणजे 'योग्या'वर, स्वतंत्र अध्याय आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनाचा, म्हणजे गळू फोडण्यासारख्या कामाचा, सराव पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. शीर टोचायची तर मेलेल्या जनावराच्या शिरांवर नाहीतर कमळाच्या देठांवर. टाके घालायचे तर कापडावर आणि मऊ चामड्यावर. आणि पट्ट्या बांधायला चक्क माणसाच्या आकाराचा पुतळा. शास्त्र कितीही पढलेला असला तरी ज्याने हा सराव केला नाही तो कामाला योग्य नाही, हेही तिथे स्पष्ट बजावलं आहे. आमच्या शिलाईच्या टेबलावर आजही दुसरं काही वेगळं चालत नाही, फक्त चामड्याऐवजी सिलिकॉनचे तुकडे असतात.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड, चामडं आणि भुसा-कापूस भरून बाळंतिणीचं धड आणि बाळ बनवलं. 1759 मध्ये पंधराव्या लुईने तिला देशभर शिकवायची सनद दिली आणि तिने गावोगावच्या हजारो बायकांना बाळंतपण शिकवलं. सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला जगवायच्या सरावाचा, ओळखीचा पुतळा आला तो 1960 मध्ये. खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्दाल या नॉर्वेजियन माणसाने तो केला. 1963 मध्ये लॉस एंजेलिसमधले न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकावर चालणारा 'सिम वन' हा पुतळा आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डचे डेव्हिड गाबा आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या कॉकपिटमधलं संकट हाताळायचं प्रशिक्षण भूलशास्त्रात आणलं. आज आमच्याकडे जे चालतं त्याचा सांगाडा बराचसा तिथला आहे.

३. पुतळा नेमकं काय काय करू शकतो?

ते पुतळ्यावर अवलंबून. मोठे पुतळे श्वास घेतात, छाती वर-खाली होते, नाडी हाताला लागते, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होतात, काहींना घाम येतो, काही बाळंत होतात. साधे पुतळे एकच काम करतात: सलाईन लावायचा हात, ट्यूब घालायचं डोकं, कण्यातून पाणी काढायची पाठ.

जे पुतळ्याला जमत नाही ते टेक्निशियन करतात. कपाळावर ग्लिसरीन-पाण्याचा फवारा मारला की घाम. ओठांना निळसर रंग लावला की ऑक्सिजन कमी. अतिरक्तस्रावाच्या प्रसंगाला खाटेखाली एक जण आडवा पडून नळीतून लाल पाणी सोडत असतो, आणि समोरच्या टीमने गर्भाशय नीट दाबून धरलं की तिथूनच चिमटा लावून धार बारीक करतो. हे काम दिवसातून कितीही वेळा करावं लागतं आणि कोणत्याही फोटोत येत नाही.

४. आमच्या संस्थेकडे एवढा मोठा पुतळा घ्यायची ऐपत नाही. मग सुरू करण्यात अर्थ आहे का?

आहे. शिकायचं काय हे आधी ठरवा, मग त्याला पुरेल इतकंच साधन आणा. नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' या 2010 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातलं बाळ हवा-पाणी भरून वापरायचं असतं. पाणी भरलं की ते खऱ्या बाळासारखं जड आणि लुळं लागतं. वीज नाही, संगणक नाही. आणि अख्ख्या प्रशिक्षणाचा भर एकाच गोष्टीवर: जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळ स्वतः श्वास घेईल किंवा आपण त्याला श्वास देऊ.

उलट बाजूही पाहिलेली आहे. चालवणारा माणूस न नेमता महागडा पुतळा घेतला की तो उद्घाटनानंतर चादरीखाली जातो. पैसे मोजकेच असतील तर आधी एका टेक्निशियनचा आणि एका प्रशिक्षकाचा पगार काढा, उरलेल्यात पुतळा.

५. यातून रुग्णाचा खरंच फायदा होतो याला पुरावा आहे का, की नुसतं समाधान?

पुरावा आहे, पण सगळ्याच गोष्टींचा नाही. नीट मोजलेली काही उदाहरणं देतो.

ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला तर काय करायचं याचं सिम्युलेशन प्रशिक्षण सगळ्या स्टाफला दिलं गेलं. अशा बाळंतपणांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण आधी 9.3 टक्के होतं, ते 2.3 टक्क्यांवर आलं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी (कॅथेटर), टाकायचा सराव रेसिडेंट डॉक्टरांकडून आधी पुतळ्यावर पक्का करून घेतला. आयसीयूत लाइनमुळे होणारा रक्तातला संसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) 3.20 वरून 0.50 झाला, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. 2013 च्या एका अभ्यासात 17 ऑपरेशन टीमना सिम्युलेटेड ओटीत संकटं दिली. हातात चेकलिस्ट असताना जीव वाचवणाऱ्या 6 टक्के पायऱ्या राहून गेल्या, नसताना 23 टक्के. नर्सिंगबाबत 2014 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. त्यात वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या दर्जाच्या सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थिनींच्या तयारीत फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. टांझानियातल्या हायडम रुग्णालयात प्रश्न ४ मधलंच प्रशिक्षण एका दिवसाचं दिलं, तेव्हा लोक पुतळ्यावर छान करू लागले आणि प्रसूतीकक्षात मात्र फारसं काही बदललं नाही. तिथेच छोटा सराव वरचेवर सुरू केल्यावर पहिल्या 24 तासांतले बालमृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. म्हणून कोणी 'एका दिवसाची कार्यशाळा घ्या' म्हणून फोन केला की आमचा पहिला प्रश्न असतो, पुढच्या महिन्यात काय करणार आहात?

६. प्रसंग दहा मिनिटांचा आणि चर्चा पाऊण तास. एवढं काय बोलायचं असतं?

शिकणं तिथेच होतं. प्रसंग चालू असताना माणूस धावपळीत असतो, आपण काय केलं हे त्याला त्या वेळी दिसत नाही. नंतरच्या चर्चेला डीब्रीफिंग म्हणतात. ती आम्ही वेगळ्या खोलीत, गोल बसून घेतो. आधी मन मोकळं होऊ देतो, मग काय घडलं त्याची उजळणी, मग असं का वाटलं, आणि शेवटी वॉर्डात गेल्यावर काय वेगळं करणार.

प्रशिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते उत्तर न सांगणं. समजा प्रसंग औषधाच्या जबर रिअ‍ॅक्शनचा होता. "अ‍ॅड्रिनॅलिन उशिरा दिलं" असं सुनावण्यापेक्षा "रक्तदाब पडल्यानंतर तुम्ही आधी सलाईन वाढवलंत असं मी पाहिलं, मला काळजी वाटली की औषधाला उशीर होईल, तुमच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं?" असं विचारायचं. आणि उत्तर पुष्कळदा अनपेक्षित निघतं. रिअ‍ॅक्शन ओळखली होती, पण डोस मोठ्याने सांगितला तो कोणाच्या कानावरच गेला नाही. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने ऐकला असेल. म्हणजे कमी पडलं ते औषधाचं ज्ञान नव्हे. नाव घेऊन सांगणं आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवणं राहिलं.

७. मी तिथे चुकले तर ते वरिष्ठांना कळतं का? व्हिडिओचं काय होतं?

प्रशिक्षणात घडलेलं प्रशिक्षणाच्या खोलीत राहतं. व्हिडिओ फक्त डीब्रीफिंगमध्ये, त्याच टीमपुढे दाखवतो आणि ठरलेल्या मुदतीत पुसतो. जपून ठेवायचा किंवा शिकवायला वापरायचा असेल तर त्यातल्या प्रत्येकाची लेखी संमती लागते. एकानेही 'नको' म्हटलं तर विषय संपला.

एक अपवाद: परीक्षा. मूल्यमापनासाठी बोलावलं असेल तर ते आधीच स्पष्ट सांगितलं जातं आणि गुण अर्थातच पुढे जातात. सराव म्हणून बोलावून गुपचूप गुण द्यायचे, अशी मागणी आमच्याकडे अधूनमधून येते. ती आम्ही मान्य करत नाही. एकदा विश्वास गेला की पुढची बॅच पुतळ्याला हात लावताना आधी कॅमेऱ्याकडे बघते.

८. मला वैद्यकीय ज्ञान नाही. रुग्णाची भूमिका करता येईल का?

नक्की. उलट ज्ञान नसलेलंच बरं; डॉक्टर लोक रुग्ण झाले की स्वतःचं निदान सांगून मोकळे होतात. नाटकात काम केलेलं असावं लागत नाही. लागते ती शिस्त. तीच तक्रार, त्याच क्रमाने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तशीच मांडायची. पाचव्या विद्यार्थ्यावर दया येऊन जास्त सांगितलं की आधीच्या चौघांवर अन्याय होतो.

आम्ही आधी दोन बैठका घेतो. कागदावर तक्रार असते, घरची माहिती असते, आणि 'विचारलं तरच सांगायचं' अशी यादी असते. समजा भूमिका छातीत दुखणाऱ्या काकांची आहे. दुखणं डाव्या हातात जातं हे विचारल्यावर सांगायचं. भाऊ हृदयविकाराने गेला, हे मात्र विद्यार्थ्याने "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" असं विचारलं तरच. जो विचारतो त्याला कळतं; बाकीचे ईसीजीचा कागद हातात घेऊन निघून जातात. शेवटी तुम्ही भूमिकेतून बाहेर येऊन विद्यार्थ्याला सांगता, की अमुक क्षणी मला बरं वाटलं, तमुक क्षणी तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि मी पुढचं बोललोच नाही. हे प्राध्यापकाला सांगता येत नाही, कारण तो खाटेवर नव्हता.

ज्या आजाराचा घरात नुकताच अनुभव आलाय ती भूमिका मात्र घेऊ नका. आम्ही विचारतोच, पण तुम्हीही सांगा.

९. भूमिका करणाऱ्याला खरंच काही झालं तर? सगळ्यांना अभिनयच वाटेल.

म्हणूनच सुरुवातीच्या सूचनांत एक ठरलेला शब्द असतो. तो कोणीही उच्चारला की प्रसंग तिथल्या तिथे थांबतो आणि खरी मदत सुरू होते. खरा डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आणि खरी औषधं असलेली ट्रॉली केंद्रात वेगळ्या जागी, सीलबंद असते.

याचाच एक नाजूक प्रकार कोणी फारसा विचारत नाही, पण घडतो. विद्यार्थी तपासायला शिकत असतो आणि भूमिका करणाऱ्या माणसाचा रक्तदाब खरोखरच खूप जास्त लागतो, किंवा हृदयात आवाज ऐकू येतो जो कागदावर नाही. विद्यार्थ्याने तो वर्गात जाहीर करायचा नाही. प्रशिक्षकाला एकट्याला सांगायचा. प्रशिक्षक डॉक्टर सत्र संपल्यावर त्या माणसाशी खाजगीत बोलतात आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायला सांगतात. आम्ही निदान करत नाही, औषध देत नाही. ही शक्यता आहे हे भूमिकेच्या संमतीपत्रातच लिहिलेलं असतं.

१०. घरात उरलेली औषधं, सलाईन, जुनं यंत्र द्यायचं आहे. चालेल?

आधी फोन करा, थेट घेऊन येऊ नका. न उघडलेल्या सुया-सिरिंज, पट्ट्या, कॅथेटर, नळ्या मुदत संपलेल्या असल्या तरी बहुधा उपयोगी पडतात, कारण त्या पुतळ्यालाच लागणार. गोळ्या-औषधं घरून घेत नाही. ती विल्हेवाटीसाठी औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात विचारा. जुनी यंत्रं बायोमेडिकल विभागाने तपासून दिली तरच.

एवढी कडक शिस्त का, तर सरावाची वस्तू खऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू शकते. 2014 मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं, निर्जंतुक नसलेलं सलाईन चुकून दवाखान्यांत गेलं आणि खऱ्या रुग्णांना लावलं गेलं. अनेकांना थंडी-ताप आला, काहींना ॲडमिट करावं लागलं. त्यामुळे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक वस्तूवर पहिल्याच दिवशी 'फक्त प्रशिक्षणासाठी, माणसांसाठी नाही' असं ठसठशीत लेबल लागतं आणि ती केंद्राबाहेर जात नाही. सरावाच्या एईडीचंही, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशा स्वयंचलित डिफिब्रिलेटरचंही, तसंच: तो शॉक देतच नाही. तो कोणी खरा समजून उचलून नेला तर नेमक्या वेळी हातात खेळणं उरेल.

११. देहदान तुमच्याकडे करता येतं का?

नाही. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होतं. अर्ज, साक्षीदार, कुटुंबाची संमती हे सगळं तिथेच. तरी आमच्या आभारांत देहदात्यांचा उल्लेख असतो, कारण इथे शिकवणाऱ्या प्रत्येक सर्जनने शरीर पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यामुळे.

१२. नवीन यंत्र आलं ही बातमी शेवटच्या पानावर, आणि सिलेंडरच्या चावीची बातमी पहिल्या पानावर. असं का?

हा प्रश्न या वेळी सर्वांत जास्त आला, थोड्या नाराजीच्या सुरात. यंत्र येणं ही खरेदी झाली, बातमी अजून व्हायची आहे.

चावीची गोष्ट अशी. एका वॉर्डात जाऊन आम्ही रात्रपाळीला ड्रिल घेतलं. रुग्णाच्या जागी पुतळा, स्टाफ तिथलाच. ऑक्सिजनचा सुटा सिलेंडर आला, मास्क आला, पण सिलेंडर उघडायची चावी कोणाला सापडेना. ती दिवसपाळीच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. आता चावी सिलेंडरलाच साखळीने बांधलेली आहे. ड्रिल झालं नसतं तर ही गोष्ट खऱ्या रुग्णाच्या वेळी कळली असती.

वार्तापत्रात अशा बातमीला आम्ही जागा देतो: काहीतरी बदललं आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत गेलं. वॉर्डाचं नाव छापत नाही. ते छापलं तर पुढच्या वॉर्डात आम्हाला कोण येऊ देईल?

१३. असं ड्रिल चालू असताना खऱ्या पेशंटांची आबाळ नाही का होत?

होऊ नये याचे नियम आधी ठरतात. वॉर्ड भरलेला असेल, एखादा रुग्ण गंभीर असेल, स्टाफ कमी असेल तर ड्रिल रद्द. आणि 'रद्द' म्हणायचा अधिकार आमच्याकडे नसून ड्यूटीवरच्या इन्चार्ज सिस्टरकडे असतो. त्यांना कारणही द्यावं लागत नाही. शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आधी सांगतो की हा सराव आहे. बहुतेकांना ते पाहून बरंच वाटतं. वापरलेली प्रत्येक वस्तू ट्रॉलीत परत भरून, मोजून, सही करूनच आम्ही बाहेर पडतो.

१४. आभारांच्या यादीत देणगीदारांच्या आधी टेक्निशियन आणि सफाई कर्मचारी कसे?

कारण त्यांच्यावाचून दुसऱ्या दिवशीचा वर्ग उभा राहत नाही. सलाईनच्या सरावाच्या हातातल्या नळ्यांत पाणी राहिलं तर बुरशी येते, म्हणून रोज संध्याकाळी कोणीतरी त्या हवेने कोरड्या करतं. कातडी धुऊन, वाळवून, टाल्क लावून ठेवतं, नाहीतर ती चिकट होऊन फाटते. पुतळ्यांच्या खोलीतल्या सांडलेल्या 'रक्ता'वरून कोणी घसरू नये म्हणून कोणीतरी दोन प्रसंगांच्या मध्ये फरशी पुसतं. देणगीदारांचे आभार मनापासून आहेतच. पण त्यांनी दिलेला पुतळा आजही श्वास घेतो, तो या लोकांमुळे.

आभारांचा अंक सप्टेंबरात निघतो, कारण जगभर 'हेल्थकेअर सिम्युलेशन वीक' त्याच महिन्यात असतो.

१५. यादीत माझं नाव राहून गेलं. / यादीत माझं नाव नको होतं.

दोन्हीसाठी एकच पत्ता: केंद्राचं कार्यालय. राहिलेलं नाव पुढच्या अंकात येतं. भूमिका करणाऱ्यांची नावं आम्ही विचारल्याशिवाय छापत नाही. काहींना शेजारीपाजारी कळायला नको असतं, आणि शिवाय परीक्षेच्या भूमिकेचा चेहरा विद्यार्थ्यांना आधी माहीत असणं बरं नाही.

१६. तुमच्याकडे शिकलेल्या सिस्टरमुळे माझे वडील वाचले. तुमचे आभार कसे मानू?

आधी त्यांचे माना. त्या दिवशी ड्यूटीवर होते त्यांना, शक्य असेल तर समोर जाऊन, नाहीतर मेट्रनकडे पत्र देऊन. पत्रात 'खूप चांगली सेवा' यापेक्षा काय घडलं ते लिहा: कोण धावत आलं, कोणी तुम्हाला बाहेर थांबवून काय चाललंय ते सांगितलं. असं पत्र त्यांच्या कामाच्या फाइलला लागू शकतं.

आम्हाला कळवलंत तर आनंदच. पत्र आम्ही प्रशिक्षकांना वाचून दाखवतो. छापायचं असेल तर तुमची आणि वडिलांची परवानगी घेतो, नावं आणि आजाराच्या खुणा काढतो. 'आमच्या प्रशिक्षणामुळे प्राण वाचले' असा मथळा मात्र देत नाही. एका रुग्णाच्या वाचण्यात अनेक हात असतात आणि त्यातला आमचा किती हे सांगता येत नाही. प्रश्न ५ मधले आकडे शेकडो बाळंतपणं मोजून आले आहेत, एका कहाणीवरून नाही.

१७. प्रसंगात पुतळा मरतो का? मरू द्यावा का?

प्रशिक्षकांत यावर एकमत नाही, आणि आमच्या चहाच्या टेबलावर तर मुळीच नाही. नवशिक्यांच्या हातून अनपेक्षित मृत्यू झाला तर ते पुढचं काहीच ऐकत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रसंगात आम्ही पुतळा मरू देत नाही. मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणं हेच शिकवायचं असेल तर मृत्यू होतो, आणि तो होणार याची कल्पना आधी देतो. मधला प्रकार अवघड: अनुभवी टीम, गंभीर चूक, आणि खऱ्या माणसाचा जीव नक्की गेला असता. काही जण म्हणतात, परिणाम दिसलाच पाहिजे. माझं मत, प्रसंग थांबवा, चर्चा करा आणि तोच प्रसंग लगेच पुन्हा द्या. बरोबर करून घरी गेलेला हात ते लक्षात ठेवतो.

१८. मी डॉक्टर-नर्स कोणी नाही. नुसतं सीपीआर शिकायला येऊ का?

या. प्रौढ माणसासाठी मूळ गोष्टी थोड्या आहेत: मदत आणि एईडी मागवा, छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, मध्ये थांबू नका, दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा. श्वास देता येत असेल तर 30 दाब आणि 2 श्वास. नसेल तर नुसतं दाबत राहा.

वाचून हे सोपं वाटतं. पुतळ्यावर बसलं की कळतं, 5 सेंटिमीटर म्हणजे किती जोर, आणि दोन मिनिटांत हात कसे भरून येतात. पुतळ्याचा दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही सोडत नाही. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागतं, म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपायची वाट न बघता अधूनमधून दहा मिनिटं येऊन जा. त्यासाठी पुन्हा नाव नोंदवावं लागत नाही.

१९. केंद्र बघायला शाळेची मुलं आणली तर चालेल? फोटो काढू द्याल?

वर्ग नसेल त्या दिवशी चालेल. जखमा रंगवलेल्या पुतळ्यांचे आणि 'रक्ता'चे फोटो काढू देत नाही. असे फोटो खऱ्या अपघाताचे म्हणून फिरतात आणि भलत्याच घरी घबराट होते. मुलांना एक पुतळा हाताळायला मिळतो, त्याच्या छातीचे ठोके स्टेथोस्कोपने ऐकता येतात. एकच अट आहे: पेनं, मार्कर आणि वर्तमानपत्रं दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायची. शाई सिलिकॉनच्या कातडीत मुरते आणि ती कशानेही निघत नाही.